मरणास न जुमानणारें गांव

मनुष्य आपल्या नव्या घराला शुभ नांव देतो. गांव वसविणारे लोकहि बहुधा देव, राजा किंवा नदी यांपैकीं कोणाची तरी आठवण नांवांत ठेवतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ॲरिझोना संस्थानांत मात्र असें एक गांव आहे कीं, त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं 'थडग्यावरील शिळा' असा आहे. टूमस्टोन हें तें गांव. मेक्सिकोच्या सरहद्दीपासून सुमारें ३० मैलांवर, टूसॉन शहराच्या आग्नेयेस ७० मैलांच्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीच्या एका उजाड पठारावर तें वसलें आहे. २०२० सालच्या शिरगणतींत तेथें अवघे १,३०८ लोक भरले. एवढ्याशा गांवाचें नांव जगभर माहीत असावें, याला कारण १८८१ सालच्या एका दुपारीं तेथें घडलेली आणि अर्ध्या मिनिटांत संपलेली एक चकमक.

परंतु या गांवाचा इतिहास त्या अर्ध्या मिनिटांत मावत नाहीं. टूमस्टोनला चांदीनें जन्म दिला, पाण्यानें मारलें आणि एका गोष्टीनें पुन्हां उठवून बसविलें. हा क्रम ध्यानांत ठेवल्यावांचून तेथील रस्ते, इमारती आणि थडगीं पाहणाऱ्या प्रवाशास गांवाचें अर्धेंच दर्शन घडतें.

हा मुलूख मूळचा चिरिकावा अपाची लोकांचा. कोचीज हा त्यांचा पुढारी. दीर्घ लढायांनंतर १८७२ सालीं अमेरिकन सरकारनें त्याच्याशीं तह करून या भागांतील डोंगराळ प्रदेश त्याच्या लोकांकरितां राखून ठेवला. कोचीज १८७४ सालीं वारला आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं सरकारनें तो राखीव प्रदेश मोडून टाकला. अपाचींना उत्तरेकडील सॅन कार्लोसच्या रुक्ष भूमींत हलविण्याचा उद्योग सुरू झाला. कांहीं गेले, कांहीं डोंगरांत निसटले. लगेच पुढल्या वर्षीं, म्हणजे १८७७ सालीं, एड शीफलिन नांवाचा तीस वर्षांचा एक खनिजशोधक सॅन पेड्रो नदीच्या पूर्वेकडील टेकड्यांत एकटाच हिंडूं लागला. त्या डोंगरांत तुला दुसरें कांहीं सांपडावयाचें नाहीं, सांपडेल तें तुझें थडगें, असें छावणींतील सैनिक त्याला म्हणत. शीफलिनला चांदीचे खडक सांपडले. सैनिकांचा तो टोमणा मनांत धरून त्यानें आपल्या पहिल्या दाव्याचें नांव 'टूमस्टोन' असें नोंदविलें.

शीफलिनजवळ धातु होती, पण पैसा नव्हता. त्यानें आपला भाऊ ॲल आणि धातुपरीक्षक रिचर्ड गर्ड यांना भागीदार करून घेतलें. १८७८ सालीं तिघांना 'लकी कस' आणि 'टफ नट' अशा विचित्र नांवांच्या संपन्न खाणी लाभल्या. १८७९ सालीं जवळच्या पठारावर गांवाची आंखणी झाली. तंबू गेले, लांकडी खोल्या आल्या. लांकडी खोल्या गेल्या, मातीच्या कच्च्या विटांचीं घरें आलीं. दोन-तीन वर्षांत वस्ति कांहीं हजारांवर पोहोंचली. १८८१ सालीं नवा जिल्हा निर्माण करून त्याचें मुख्य ठाणें टूमस्टोन येथें ठेवण्यांत आलें. जिल्ह्याला नांव दिलें कोचीज! ज्याच्या लोकांची भूमि पांच वर्षांपूर्वीं काढून घेतली, त्याच्याच नांवाचा शिक्का आतां सरकारी कागदांवर उमटूं लागला.

चित्रपटांतील टूमस्टोन म्हणजे मद्यगृहें, जुगार आणि पिस्तुलें. हीं सर्व तेथें होतींच. पण तेवढेंच होतें असें मात्र नव्हे. १८८० सालच्या मे महिन्यांत जॉन क्लम यानें तेथें वृत्तपत्र काढलें आणि ज्या गांवाचें नांव थडगें, तेथील पत्राचें नांव 'मृत्युलेख'च असावें म्हणून त्याला 'एपिटाफ' हें नांव ठेवलें. १८८१ सालीं बांधलेल्या शीफलिन सभागृहांत नाटकें होत. १८८२ सालीं एंडिकॉट पीबडी हा पंचविशीचा तरुण धर्मोपदेशक अवघे कांहीं महिने गांवांत राहिला आणि तेवढ्यांत त्यानें सेंट पॉल्स चर्च उभारून दाखविलें. पुढें त्यानेंच मॅसेच्यूसेट्समध्यें ग्रॉटन नांवाची शाळा काढली आणि त्या शाळेंत फ्रँकलिन रूझवेल्ट शिकले. खाणींत उतरण्याकरितां इंग्लंड-आयर्लंडकडचे मजूर आले होते. चिनी लोकांची स्वतंत्र वस्ति होती. सरहद्द जवळच असल्यानें मेक्सिकन कुटुंबें तर पहिल्यापासूनच होतीं.

याच गांवांत जॉर्ज गुडफेलो हा शस्त्रवैद्य राहत असे. गोळीबाराच्या जखमांची त्याला तेथें वाण नव्हती. पोटांत गोळी शिरलेला रोगी वांचावयाचा तर पोट उघडून आंतडीं शिवलींच पाहिजेत, हा त्याचा आग्रह त्या काळच्या पुष्कळ वैद्यांना साहसाचा वाटे. १८८१ सालीं एका जुगाऱ्याच्या प्रेताची तपासणी करतांना त्याला दिसलें कीं, गोळी शरीरांत खोल गेली आहे, पण खिशांतील रेशमी रुमाल तिच्याभोंवतीं गुंडाळला जाऊनहि फाटलेला नाहीं. अशीं आणखी उदाहरणें जमवून त्यानें १८८७ सालीं रेशमाच्या अभेद्यतेविषयीं एक निबंध छापला. गोळी अडविणाऱ्या वस्त्रांचा शोध ज्या टिपणांपासून पुढें चालला, त्यांत या निबंधाची गणना होते.

या सर्व गजबजाटांत गांवाला एक गोष्ट प्रथमपासून कमी होती; ती म्हणजे पाणी. पठारावर पिण्यापुरतेंहि पाणी नव्हतें. तें गाड्यांतून आणून विकलें जाई. २२ जून १८८१ रोजीं एका मद्यगृहापुढें दारूच्या पिंपानें पेट घेतला आणि विझविण्यास पाणी नसल्यानें साठांहून अधिक दुकानें बघतां बघतां राख झालीं. पुढल्याच वर्षीं मे महिन्यांत दुसरी मोठी आग लागली. तेव्हां पश्चिमेकडील व्हाचूका पर्वतांतील झऱ्यांचें पाणी सुमारें २५ मैल लांबीच्या लोखंडी नळानें गांवांत आणण्यांत आलें. वाळवंटांत चांदी शोधणें सोपें. पाणी आणणें कठीण, असा धडा गांवाला मिळाला. पण पाण्यानें अजून आपलें दुसरें रूप दाखविलें नव्हतें.

दोन आगींच्या मधल्या काळांत ती सुप्रसिद्ध चकमक घडली. सरहद्दीपलीकडून गुरें चोरून आणणाऱ्या लोकांचा या जिल्ह्यांत सुळसुळाट होता. त्यांना तेथें 'काउबॉय' म्हणत. म्हणजे जो शब्द अन्यत्र प्रामाणिक गुराख्याचा वाचक, तोच टूमस्टोनमध्यें चोराचा वाचक झाला होता. जिल्ह्याचा अधिकारी जॉन बीहान याचें त्यांच्याशीं सख्य; गांवचा पोलीस-अधिकारी व्हर्जिल अर्प आणि त्याचे भाऊ यांचें त्यांच्याशीं वैर. त्यांत राजकीय पक्षभेदाचें तेल पडलें. गांवाच्या हद्दींत शस्त्रें बाळगून फिरूं नये असा नगरपालिकेचा नियम होता आणि ठिणगी पडली ती या साध्या नियमावरून.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास व्हर्जिल हा आपले भाऊ वायट व मॉर्गन आणि दंतवैद्यकी सोडून जुगाराच्या नादीं लागलेला डॉक हॉलिडे यांना घेऊन फ्रीमाँट रस्त्यानें चालत गेला. सी. एस. फ्लाय या छायाचित्रकाराच्या घराशेजारीं पंधरा-वीस फूट रुंदीची मोकळी जागा होती. तेथें क्लँटन व मॅक्लॉरी घराण्यांतील भाऊ उभे होते. तीस सेकंदांत सुमारें तीस गोळ्या सुटल्या. टॉम व फ्रँक मॅक्लॉरी हे बंधु आणि एकोणीस वर्षांचा बिली क्लँटन असे तिघे ठार झाले. व्हर्जिल व मॉर्गन जखमी झाले. हॉलिडेला गोळी चाटून गेली. वायट मात्र सुरक्षित राहिला. ज्याच्या अंगणालगत हें घडलें तो मनुष्य छायाचित्रकार होता. तरी चालू चकमकीचें एकहि छायाचित्र नाहीं. ज्या 'ओ. के. कोराल' नांवाच्या घोड्यांच्या तबेल्याचें नांव या घटनेला पुढें चिकटलें, त्यांत तर ती घडलीच नव्हती. तबेल्याचें मागील दार तेथून कांहीं घरें पलीकडे होतें.

चकमक अर्ध्या मिनिटाची, पण तिचा निवाडा सुमारें एक महिना चालला. न्यायाधीश वेल्स स्पायसर यानें साक्षी नोंदवून घेतल्या आणि अर्प बंधूंवर खटला चालविण्यास कारण नाहीं असा निर्णय ३० नोव्हेंबर रोजीं दिला. तथापि वायट व हॉलिडे यांच्यासारख्या माणसांना अशा कामीं सोबत घेण्यांत व्हर्जिलनें अविचार केला, असा ठपकाहि त्यानें ठेवला. विरुद्ध पक्षाचें त्या निर्णयानें समाधान झालें नाहीं. डिसेंबरांत अंधारांतून झाडलेल्या गोळ्यांनीं व्हर्जिलचा डावा हात कायमचा निकामी केला. १८ मार्च १८८२ रोजीं बिलियर्ड खेळत असतां मॉर्गनचा पाठीमागून खून झाला. मग वायटनेंहि कायदा बाजूला ठेवून सूड उगविला आणि त्या वसंत ऋतूंतच तो ॲरिझोना सोडून गेला. शस्त्रबंदीच्या नियमाकरितां ज्याचे भाऊ लढले, तो अखेरीस स्वतःच फरारी झाला! या कथेंतील खरा कायद्याचा अधिकारी व्हर्जिल. परंतु कीर्ति मिळाली ती वायटला. जो वांचला आणि दीर्घायुषी झाला, त्याच्या बाजूनें गोष्ट सांगितली गेली.

टूमस्टोनचा अंत मात्र पिस्तुलांनीं केला नाहीं. ज्या वर्षीं चकमक झाली त्याच वर्षीं खाणी ५०० फूट खोल गेल्या आणि खालून पाणी लागलें. वर थेंब थेंब विकत घ्यावा लागे, खालीं पाण्याचा तुटवडा नव्हता! प्रारंभीं मालकांना आनंद झाला, कारण दगड कुटण्याच्या गिरण्यांना पाणी हवेंच होतें. पण पाणी उपसावें तितकें वाढूं लागलें. प्रचंड पंप बसविण्यांत आले. १८८६ सालच्या मे महिन्यांत ग्रँड सेंट्रल खाणीवरील पंपघर जळालें आणि खालचीं दालनें बुडालीं. एका खाणीचें पाणी काढावयाचें म्हणजे शेजारच्या सगळ्यांचेंच काढावयाचें, असा भूगर्भाचा हिशेब होता. खर्च मात्र कोणी वांटून घेईना. त्यांत चांदीचा भाव सारखा उतरत होता. १८९३ सालच्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. पूर्वीं कोणीहि चांदी नेऊन द्यावी व तिचे रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. ती संपतांच जगाच्या बाजारांत चांदी कोसळली आणि अमेरिकेंतील खाणीमागून खाणी बंद पडल्या. टूमस्टोनच्या बुडालेल्या खाणी उपसण्यास भांडवल मिळण्याची जी थोडीशी आशा होती, ती मुंबईच्या टांकसाळीच्या दारांतच अडली. १९०० सालच्या शिरगणतींत गांवांत सातशें माणसेंहि उरलीं नव्हतीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्व खाणी एकत्र करून अधिक मोठ्या पंपांनीं पुन्हां प्रयत्न झाला. १९११ पर्यंत तोहि कर्जांत बुडाला.

मग १९२९ हें वर्ष उजाडलें. त्या वर्षाच्या आरंभीं, १३ जानेवारीला, वायट अर्प लॉस एंजेलिस येथें आपल्या घरीं वारला. त्याच वर्षीं जिल्ह्याचें ठाणें तांब्याच्या खाणींमुळें भरभराटलेल्या बिस्बी शहरांत नेण्याच्या बाजूनें मतदान झालें. चांदी गेली होती, आतां कचेरीहि जाणार! आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गांवकऱ्यांनीं गांवाच्या पन्नाशीनिमित्त 'हेलडोराडो' नांवाचा उत्सव भरविला. जुने पोशाख चढवून, जुनी चकमक रस्त्यावर पुन्हां करून दाखविली. लोक पाहावयास आले. जिच्याबद्दल जुन्या रहिवाशांना लाज वाटे, ती घटनाच आतां पोट भरील, हें गांवाच्या ध्यानांत आलें. १९३१ सालीं स्टुअर्ट लेक यानें लिहिलेलें वायटचें चरित्र निघालें. त्यांत सत्य व कल्पित यांची सरमिसळ होती, पण वाचकांनीं तें उचलून धरलें. मागून चित्रपट आले. १९४६ सालीं जॉन फोर्ड यानें 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' काढला. त्यांतील टूमस्टोन त्यानें शेंकडों मैल दूर, मॉन्युमेंट व्हॅलींतील उत्तुंग शिळांच्या पायथ्याशीं उभें केलें. १९५७ सालच्या चित्रपटानें तर तबेल्याचें चुकीचें नांवच जगाच्या जिभेवर कायम बसविलें. मरण न जुमानणारें गांव, ही बिरुदावली टूमस्टोन आज मोठ्या अभिमानानें मिरवितें.

आज तेथें जाणाऱ्या प्रवाशाचें पहिलें पाऊल ॲलन रस्त्यावर पडतें. लांकडी फळ्यांचे पादचारी मार्ग, घोड्यांच्या गाड्या, जुन्या धर्तीच्या वेषांतील नट आणि तिकीट लावून रोज केली जाणारी चकमक, असा तेथील थाट आहे. याच रस्त्यावर 'बर्ड केज' नाट्यगृह आहे. १८८१ च्या डिसेंबरांत तें उघडलें. छताजवळ दोन्ही बाजूंनीं टांगल्यासारखे दिसणारे सज्जे पिंजऱ्यांसारखे भासतात, हें त्याच्या नांवाचें मर्म. गांव ओस पडल्यावर तें बंद झालें आणि १९३० नंतरच्या वर्षांत पुन्हां उघडण्यांत आलें, तों आंतील रंगमंच, पडदे व सामान बव्हंशीं जसेंच्या तसें होतें. फ्लायच्या छायाचित्रगृहाची प्रतिकृति तबेल्याच्या आवारांत आहे. ती अवश्य पाहावी. कारण १८८६ सालच्या मार्च महिन्यांत जेरोनिमो व त्याचे अपाची योद्धे शरणागतीच्या वाटाघाटींस बसले असतां त्यांचीं छायाचित्रें घेणारा तो हाच फ्लाय. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत जेरोनिमोनें शस्त्र ठेवलें आणि त्याला लोकांसह दूर फ्लोरिडांत बंदिवासांत धाडण्यांत आलें. ज्यांच्या भूमींत हें गांव उभें राहिलें, त्यांची गांवाशीं जडलेली खरी स्मृति या चित्रांत आहे.

टफनट रस्त्यावर एक नवल आहे. १८८५ सालीं स्कॉटलंडहून आणलेल्या कलमापासून लावलेला पांढऱ्या 'लेडी बँक्स' गुलाबाचा वेल एका जुन्या खानावळीच्या अंगणांत मांडवावर पसरला आहे. त्याचा विस्तार ८,००० चौरस फुटांहून अधिक असून जगांतील सर्वांत मोठें गुलाबाचें झाड म्हणून त्याची नोंद आहे. वसंतांत तें लहान लहान शुभ्र फुलांनीं भरून जातें. ही जात मूळची चीनची. म्हणजे चीनहून ब्रिटनला, स्कॉटलंडहून ॲरिझोनाला असा प्रवास करून तिनें या कोरड्या पठारावर मूळ धरलें. आणि ज्या वर्षीं हें रोप लागलें, त्याच्या पुढल्याच वर्षीं खाणीचें पंपघर जळालें.

गांवाच्या उत्तरेस बूटहिल ही जुनी दफनभूमि आहे. १८८४ च्या सुमारास तिचा वापर थांबला. मूळच्या लांकडी पाट्या ऊन-पावसानें व हौशी चोरट्यांनीं नाहींशा झाल्या; आजच्या पाट्या कागदपत्रें व आठवणी यांच्या आधारें मागाहून लावलेल्या आहेत. बिली क्लँटन व मॅक्लॉरी बंधु येथेंच आहेत. प्रवासी त्यांच्याभोंवतीं गर्दी करतात. पण जवळच चिनी लोकांचीं थडगीं आहेत, रोगानें व अपघातानें मेलेले खाणकामगार आहेत, आणि ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत असेहि आहेत. गांव ज्यांनीं घडविलें तीं माणसें हीं.

सर्वांत शांत आणि सर्वांत बोलकी इमारत म्हणजे १८८२ सालीं विटांनीं बांधलेलें दुमजली न्यायमंदिर. बिस्बीला कचेरी गेल्यावर तें कित्येक वर्षें रिकामें पडलें. १९५९ पासून ॲरिझोना संस्थानानें तें ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलें आहे. आंत न्यायालय, खाणीचीं अवजारें आणि जुने कागद आहेत. मागील चौकांत फांशीच्या खांबांची प्रतिकृति आहे. येथें कोणी पिस्तूल झाडून दाखवीत नाहीं. म्हणून येथें गर्दीहि बेताचीच असते.

१९६१ सालीं टूमस्टोनला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. पण २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान खात्यानें हा मान धोक्यांत असल्याचें जाहीर केलें. नव्या इमारतींना जुनें रूप देणें, पाट्यांवर भलतींच सालें घालणें, असे प्रकार वाढले होते. खोट्या प्राचीनतेखालीं खरी प्राचीनता झांकली जाऊं लागली होती. गांवाचा हा पेंच क्षुल्लक नव्हे. गोष्ट सांगितली नसती तर गांव उरलें नसतें. गोष्टच तेवढी उरली तर गांव असून नसल्यासारखें. यावर उपाय गोष्ट टाकून देण्यांत नाहीं. ती पुरी सांगण्यांत आहे. तीस सेकंदांबरोबर तीस दिवसांचा निवाडाहि सांगावा. वायटबरोबर व्हर्जिलचा लुळा हातहि सांगावा. चांदीबरोबर कोचीजशीं केलेला तहहि सांगावा.

आणि पाणी? त्याची गोष्ट अजून संपलेली नाहीं. २०११ सालीं व्हाचूका पर्वतांत वणवा लागला. झाडें जळाल्यामुळें पाठोपाठच्या पावसांत दरडी व शिळा वाहून आल्या आणि एकोणिसाव्या शतकांतील त्या नळाचे कांहीं भाग त्यांच्याखालीं गाडले गेले. तो भाग संरक्षित अरण्यांतील असल्यानें तेथें यंत्रें न्यावीं कीं नाहीं यावर गांव व वनखातें यांत न्यायालयीन वाद झाला. पुढल्या वर्षीं लोक कुदळी-फावडीं खांद्यावर टाकून स्वतःच नळ मोकळा करावयास डोंगरांत गेले. त्या दिवशीं कोणी जुना पोशाख घातला नव्हता, कोणी तिकीट लावलें नव्हतें. थडग्याचें नांव धारण करणारें तें गांव आपल्या पहिल्या दिवसापासून जें करीत आलें, तेंच तीं माणसें करीत होतीं : दगडांतून जगण्याची वाट काढीत होतीं.